नाडी एक, मोजण्याच्या जागा अनेक

सन २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत भारतातील असंख्य घरांच्या औषधपेटीत एका नव्या उपकरणाची भर पडली. बोटाला चिमट्यासारखे लावावयाचे हे छोटे यंत्र म्हणजे पल्स ऑक्सिमीटर. महाराष्ट्रात १५ सप्टेंबर २०२० पासून राबविण्यात आलेल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत आरोग्य पथकांनी घरोघरी जाऊन शरीराचे तापमान आणि रक्तातील प्राणवायूचे प्रमाण नोंदविले. कोविडच्या उपचारांविषयी देशपातळीवर जारी झालेल्या सूचनांमध्येही या यंत्रावरील आकड्याला निर्णायक स्थान देण्यात आले होते. आकडा ९० ते ९३ या दरम्यान असल्यास आजार मध्यम स्वरूपाचा आणि ९० च्या खाली गेल्यास गंभीर मानला जात असे. रुग्णाला घरी ठेवावयाचे की रुग्णालयात हलवावयाचे, हा निर्णय अनेक कुटुंबांनी त्या इवल्याशा पडद्याकडे पाहूनच घेतला.

परंतु हा आकडा नेमका येतो कोठून? बोटाऐवजी कानाच्या पाळीला, कपाळाला किंवा मनगटाला यंत्र लावले तर तोच आकडा मिळेल काय? आणि त्याच यंत्रावर दिसणारा नाडीचा वेग हा खरोखर हृदयाचा वेग असतो काय? या प्रश्नांची उत्तरे शोधू लागल्यास एक गोष्ट ध्यानात येते. नाडी असो वा विजेच्या तारेतील स्पंद, तो कोठे मोजला यावर मोजमापाचा अर्थ अवलंबून असतो.

प्रारंभी एक शब्दविचार आवश्यक आहे. इंग्रजीतील ‘पल्स’ या एका शब्दासाठी मराठीत किमान चार शब्द योजावे लागतात. वैद्यकात ती नाडी, अभियांत्रिकीत तो स्पंद, बोलीभाषेत ठोका आणि बाजारभावाच्या वृत्तात चक्क कडधान्य. वृत्तानुवाद करणाऱ्याला संदर्भ पाहूनच शब्द निवडावा लागतो. या लेखात शरीरातील घटनेसाठी नाडी व ठोका, तर यंत्रातील घटनेसाठी स्पंद हे शब्द वापरले आहेत. दोन्हींच्या मोजमापामागील तर्क मात्र बराचसा सारखा आहे.

मनगटापासून पावलापर्यंत

नाडी म्हटले की आपले बोट आपोआप मनगटाकडे, अंगठ्याच्या मुळाशी जाते. शार्ङ्गधर संहितेत नाडीपरीक्षेचे वर्णन येते ते याच जागेचे. वैद्य तर्जनी, मध्यमा आणि अनामिका ही तीन बोटे ओळीने ठेवून नाडी पाहतात. या जागेची निवड योगायोगाने झालेली नाही. येथे धमनी, म्हणजेच मराठी पाठ्यपुस्तकांतील रोहिणी, त्वचेच्या अगदी जवळून जाते आणि तिच्याखाली हाडाचा कठीण आधार असतो. वरून बोट आणि खालून हाड असा दाब मिळाला की ठोका स्पष्ट जाणवतो. जेथे धमनी उथळ असेल आणि खाली आधार असेल, अशी प्रत्येक जागा नाडी पाहण्यास योग्य ठरते. कानशिलाजवळ, मानेत श्वासनलिकेच्या बाजूला, दंडाच्या आतील अंगास, कोपराच्या लवणीत, जांघेत, गुडघ्याच्या मागे, घोट्याच्या आतील हाडामागे आणि पावलाच्या पाठीवर अशा जागा डॉक्टरांना ठाऊक असतात.

या सर्व जागा परस्परांना पर्याय आहेत असे समजणे मात्र चुकीचे ठरेल. प्रत्येक जागी विचारावयाचा प्रश्न निराळा असतो. बेशुद्ध पडलेल्या प्रौढ व्यक्तीची नाडी प्रशिक्षित कर्मचारी मानेत तपासतात, कारण रक्तदाब फार खाली गेला असता मनगटातील ठोका लोप पावतो, पण मानेतील ठोका बराच काळ टिकून राहू शकतो. या तपासणीसाठी १० सेकंदांपेक्षा अधिक वेळ दवडू नये, असा दंडक आहे. मानेच्या दोन्ही बाजू एकाच वेळी दाबणे धोक्याचे असते, कारण त्यामुळे मेंदूचा रक्तपुरवठा रोखला जाऊ शकतो. तान्ह्या बाळाची मान आखूड आणि गुबगुबीत असते, म्हणून त्याची नाडी दंडाच्या आतील बाजूस पाहतात. मधुमेही रुग्णाच्या पावलावरील ठोका पाहण्याचा हेतू हृदयाची गती मोजणे हा नसतोच. पायाकडे जाणारा रक्तमार्ग मोकळा आहे की नाही, हे तेथे पाहावयाचे असते. पाय वाचणार की नाही, हा प्रश्न कधी कधी त्या एका ठोक्याशी निगडित असतो.

हृदयक्रिया बंद पडलेल्या व्यक्तीची नाडी शोधणे हे सामान्य माणसाला वाटते तितके सोपे नाही. तणावाच्या प्रसंगी स्वतःच्याच बोटातील ठोके रुग्णाचे आहेत, असा भास होतो. त्यामुळेच सन २००० पासूनच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये सामान्य नागरिकांनी नाडी शोधत बसण्याची अपेक्षा वगळण्यात आली. व्यक्ती प्रतिसाद देत नसेल आणि नेहमीसारखा श्वास घेत नसेल, तर थेट छाती दाबण्यास प्रारंभ करावा, असे त्यांत म्हटले आहे.

दोन जागा, दोन आकडे

मनगटावर मोजलेला वेग म्हणजेच हृदयाचा वेग, हे बहुतेक वेळा खरे असले तरी नेहमीच खरे नसते. हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर होणाऱ्या रुग्णांत काही ठोके इतके घाईने पडतात की हृदय पुरेसे भरलेलेच नसते. असा दुबळा ठोका छातीवर ऐकू येतो, पण त्याची लहर मनगटापर्यंत पोहोचत नाही. म्हणून अशा रुग्णाच्या बाबतीत एक परिचारिका स्टेथोस्कोप छातीच्या डाव्या बाजूस, पाचव्या व सहाव्या फासळीमधील जागेत ठेवते, दुसरी मनगट धरते आणि दोघी एकाच घड्याळावर पूर्ण एक मिनिट ठोके मोजतात. दोन आकड्यांतील फरकाला नाडीची तूट म्हणतात. १५ सेकंद मोजून चाराने गुणण्याची सोयीची रीत येथे उपयोगी पडत नाही.

अतिदक्षता विभागातील मॉनिटरच्या बाबतीत हा भेद अधिक गंभीर होतो. तेथे हृदयाचा वेग बहुधा छातीवर चिकटविलेल्या विद्युतअग्रांवरून, म्हणजेच विजेच्या स्पंदांवरून मोजला जातो. परंतु हृदयात विजेचा स्पंद उमटला म्हणजे रक्त पुढे ढकलले गेलेच, असे नाही. पडद्यावर लाटा नियमित दिसत आहेत आणि मानेत मात्र नाडी नाही, अशी अवस्था येऊ शकते. ती हृदयक्रिया बंद पडण्याचीच एक अवस्था असते. पेसमेकर बसविलेल्या रुग्णात आणखी एक फसगत संभवते. पेसमेकरचे स्वतःचे विद्युतस्पंद यंत्र हृदयाचे ठोके म्हणून मोजू शकते. हृदय प्रतिसाद देत नसतानाही पडद्यावर ठरावीक आकडा झळकत राहतो आणि धोक्याची घंटा वाजत नाही. अशा वेळी बोटावरील ऑक्सिमीटरची लाट सपाट झाली असेल, तर तीच खरी बातमी असते. अनुभवी परिचारिका पडद्यावरील आकड्याआधी रुग्णाकडे पाहतात, ते यामुळेच.

बादलीतील हातपाय आणि छातीवरील सहा बिंदू

हृदयातील विजेचे मोजमाप करणाऱ्या तंत्राचा पाया नेदरलँड्समधील लायडन येथील शास्त्रज्ञ विलेम आइंथोवेन यांनी घातला. त्यांना १९२४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या आरंभीच्या नोंदींत रुग्णाचे दोन्ही हात व एक पाय खारट पाण्याच्या भांड्यांत बुडविलेले असत. पुढे पाण्याची भांडी गेली आणि धातूच्या पट्ट्या आल्या, पण दोन हात आणि डावा पाय या तीन बिंदूंचा त्रिकोण आजही कायम आहे. छातीवरील जागा १९३८ मध्ये अमेरिका व ब्रिटनमधील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी निश्चित केल्या. पहिला बिंदू उरोस्थीच्या उजव्या कडेला चौथ्या आणि पाचव्या फासळीमधील जागेत, दुसरा त्याच पातळीवर डाव्या कडेला, चौथा हाशीच्या हाडाच्या मध्यापासून खाली येणाऱ्या रेषेवर एक जागा खाली, तिसरा या दोहोंच्या मधोमध आणि पाचवा व सहावा त्याच आडव्या पातळीवर काखेच्या दिशेने.

हा तपशील येथे मुद्दाम दिला आहे. ईसीजीचा कागद हाती आला की आपण डॉक्टरांचे निदान वाचतो. पण तो कागद ज्या सहा बिंदूंवर उभा असतो, ते बिंदू फासळ्या मोजून ठरविले होते की अंदाजाने, हे कागदावर दिसत नाही. पहिले दोन बिंदू एक-दोन फासळ्या वर सरकले, तर निरोगी हृदयाच्या आलेखातही जुन्या झटक्यासारखे चिन्ह उमटू शकते. दोन्ही हातांच्या तारांची अदलाबदल झाली, तर पहिल्या आलेखातील लाटा उलट्या होतात. अशा कागदावरून भीतीही निर्माण होऊ शकते आणि खोटा दिलासाही मिळू शकतो. पूर्वीचा आणि आताचा आलेख ताडून पाहावयाचा असेल, तर दोन्ही वेळी बिंदू तेच असणे अनिवार्य ठरते.

त्याच कागदाच्या आरंभी किंवा अखेरीस एक चौकोनी उंचवटा छापलेला असतो. रुग्णांचे त्याकडे सहसा लक्ष जात नाही. तो हृदयाचा ठोका नसून यंत्राने स्वतः निर्माण केलेला १ मिलिव्होल्टचा प्रमाण स्पंद असतो. त्याची उंची १० मिलिमीटर भरली, तरच पुढील आलेखाची उंची विश्वासार्ह मानावयाची. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर वेगाने सरकतो, म्हणून सर्वांत लहान चौकोन ०.०४ सेकंदाचा असतो. कागद या वेगाने सरकला नसेल, तर ठोक्यांचा हिशेबही चुकतो.

स्पंदावरील बिंदू

येथवर स्पंद शरीरावर कोठे मोजावा, याचा विचार झाला. आता दुसरा प्रश्न उरतो. एकाच स्पंदावर बोट कोठे ठेवावयाचे? प्रत्येक स्पंद हळूहळू चढतो, शिखर गाठतो आणि उतरतो. तो ‘केव्हा’ आला, हे सांगण्यासाठी त्यावरील कोणता तरी एक बिंदू निवडावा लागतो.

इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत याबाबत फार पूर्वीच संकेत ठरले आहेत. स्पंदाची पूर्ण उंची १०० टक्के मानली, तर तो १० टक्क्यांवरून ९० टक्क्यांपर्यंत चढण्यास लागणारा काळ हा त्याचा चढकाळ होय. स्पंदाची रुंदी चढ आणि उतार यांवरील ५० टक्के उंचीच्या दोन बिंदूंमध्ये मोजतात. शून्य आणि १०० टक्के हे बिंदू का वापरत नाहीत, असा प्रश्न पडेल. स्पंदाचा पायथा पार्श्वभूमीच्या गोंगाटात मिसळलेला असतो आणि माथ्यावर लहर थोडी वर उसळून थरथरते. दोन्ही टोके अविश्वसनीय असल्याने मधला सरळ चढ पकडावयाचा, हा व्यवहार्य मार्ग आहे.

मोजणारे यंत्रही स्पंदावर आपला ठसा उमटविते. १०० मेगाहर्ट्झ क्षमतेच्या ऑसिलोस्कोपचा स्वतःचा चढकाळ सुमारे ३.५ नॅनोसेकंद असतो. त्याहून जलद स्पंद त्यावर खराखुरा दिसू शकत नाही. तपासणीच्या सुईला जोडलेली जमिनीची तार लांब असेल, तर मूळ परिपथात नसलेली थरथर पडद्यावर दिसू लागते आणि नवखा तंत्रज्ञ ती दुरुस्त करण्यात दिवस घालवितो. ऑसिलोस्कोपच्या दर्शनी भागावर चौकोनी स्पंद देणारे एक टोक असते. सुई प्रथम तेथे लावून जुळवून घ्यावी लागते. ईसीजीच्या कागदावरील तो १ मिलिव्होल्टचा उंचवटा आणि हे टोक यांचा उद्देश एकच आहे. दुरुस्ती सुलभ व्हावी म्हणून सर्किट बोर्डावर तपासणीचे बिंदूही छापलेले असतात आणि सेवापुस्तिकेत त्या त्या बिंदूवर कोणत्या आकाराचा स्पंद अपेक्षित आहे, याची आकृती दिलेली असते. रंगीत दूरचित्रवाणी संच दुरुस्त करणाऱ्या जुन्या कारागिरांना अशा पुस्तिकांचे महत्त्व सांगावे लागत नाही.

असा एक मापनबिंदू बहुतेक घरांच्या प्रवेशद्वारापाशीच असतो. इलेक्ट्रॉनिक वीजमीटरवर लुकलुकणारा लाल दिवा हा स्पंदांचाच दिवा आहे. मीटरच्या तबकडीवर एका युनिटमागे किती स्पंद, हे छापलेले असते. उदाहरणार्थ, तो आकडा ३२०० असेल आणि घरात १००० वॉटचा भार चालू असेल, तर दिवा दर १.१२५ सेकंदांनी लुकलुकावयास हवा. मीटरची अचूकता तपासणारी उपकरणे याच दिव्यासमोर प्रकाशग्राही डोळा धरून स्पंद मोजतात. घरातील इतर सर्व उपकरणे बंद करून ज्ञात वॉटचे एकच उपकरण चालू ठेवले, तर ग्राहकालाही घड्याळाच्या मदतीने ढोबळ पडताळा घेता येतो. वीजदाब कमी-अधिक असल्यास उपकरणाचा प्रत्यक्ष वापर बदलतो, हे मात्र ध्यानात ठेवावे.

वैद्यकातही स्पंदावरील बिंदूचा प्रश्न आला, तो धमन्यांच्या ताठरपणाच्या निमित्ताने. मनगटात बोटाला लागतो तो हृदयातून नुकत्याच निघालेल्या रक्ताचा लोंढा नव्हे. ती धमनीच्या भिंतीतून धावणारी दाबाची लहर असते आणि ती रक्तापेक्षा कितीतरी वेगाने पुढे जाते. धमन्या जितक्या ताठर, तितकी लहर वेगवान. म्हणून मान आणि जांघ या दोन ठिकाणी लहर पोहोचण्याच्या वेळांतील फरक मोजून तिचा वेग काढतात. हा वेग सेकंदाला १० मीटरपेक्षा अधिक असणे हे युरोपीय तज्ज्ञांच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत धमन्या ताठर झाल्याचे लक्षण मानले गेले. येथे वेळ मोजताना लहरीचे शिखर धरीत नाहीत, तर तिचा पायथा धरतात. लहर पुढे जाताना शरीराच्या टोकांकडून परतणाऱ्या लहरी तिच्यात मिसळतात आणि शिखराचा आकार बदलतो. पायथ्यावर हा परिणाम अत्यल्प असतो. इलेक्ट्रॉनिक्समध्ये पायथा टाळतात आणि येथे तोच विश्वासाचा ठरतो.

खोडद येथील मोजणी

स्पंद कोठे मोजला, या प्रश्नाचे सर्वांत विलक्षण उत्तर पुणे जिल्ह्यात मिळते. नारायणगावजवळील खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असलेली महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, म्हणजेच जीएमआरटी, कार्यरत आहे. १९६७ मध्ये जॉसलिन बेल यांना प्रथम आढळलेले स्पंदक तारे हा तिच्या अभ्यासाचा एक प्रमुख विषय आहे. बेल यांना सापडलेला पहिला स्पंदक १.३३७ सेकंदांनी स्पंद पाठवीत होता. काही स्पंदक तर सेकंदाला शेकडो वेळा स्पंदतात आणि त्यांची नियमितता उत्तम घड्याळांशी तुलना करण्याजोगी असते.

हे स्पंद खोडद येथे पोहोचतात खरे, पण त्यांच्या वेळा खोडदच्या म्हणून वापरता येत नाहीत. पृथ्वी स्वतःभोवती आणि सूर्याभोवती फिरत असल्याने वर्षभरात स्पंद कधी लवकर, तर कधी उशिरा येतात. म्हणून प्रत्येक वेळ सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्राच्या ठिकाणी नेऊन मांडतात. तेथे कोणतेही यंत्र नाही. तो गणिताने निश्चित केलेला मापनबिंदू आहे. त्यातच ताऱ्यांमधील विरळ इलेक्ट्रॉनांमुळे कमी कंप्रतेचे तरंग अधिक रेंगाळतात. ही दिरंगाई अचूक मोजण्यासाठी जीएमआरटीच्या कमी कंप्रतेच्या नोंदी मोलाच्या ठरतात. जून २०२३ मध्ये युरोपीय आणि भारतीय शास्त्रज्ञांच्या गटांनी या नोंदींच्या साहाय्याने अतिमंद गुरुत्वीय लहरींच्या अस्तित्वाचे पुरावे मांडले. त्याच सुमारास अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि चीनमधील गटांनीही आपापले निष्कर्ष जाहीर केले.

बोटातील प्रकाश

आता पुन्हा ऑक्सिमीटरकडे वळू. या यंत्राचे मूळ तत्त्व जपानमधील अभियंते ताकुओ आओयागी यांनी सत्तरच्या दशकाच्या आरंभी शोधून काढले आणि १९७४ मध्ये ते मांडले. वास्तविक ते वेगळ्याच कामात गुंतले होते. हृदयातून बाहेर पडणारे रक्त कानावर प्रकाश टाकून मोजावयाचे होते आणि नाडीचे ठोके त्या आलेखात अडथळा आणीत होते. हा अडथळा दूर करण्याच्या प्रयत्नात, अडथळ्यातच हवी ती माहिती दडलेली आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. आओयागी यांचे एप्रिल २०२० मध्ये निधन झाले. जगभर लक्षावधी बोटांना त्यांचे यंत्र लावले जाण्याचा तो काळ होता.

यंत्र बोटातून दोन प्रकारचा प्रकाश पाठविते. एक लाल, सुमारे ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा आणि दुसरा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त, सुमारे ९४० नॅनोमीटरचा. प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन अवरक्त प्रकाश अधिक शोषते, तर प्राणवायू गमावलेले हिमोग्लोबिन लाल प्रकाश अधिक शोषते. त्वचा, हाड, स्नायू आणि शिरांतील रक्तही प्रकाश शोषतातच, पण ते शोषण स्थिर असते. ठोक्याबरोबर हलणारा अंश तेवढा धमनीतील रक्ताचा. हा अंश एकूण प्रकाशाच्या एक-दोन टक्के इतकाच असतो. यंत्र त्यावरून एक गुणोत्तर काढते आणि तक्त्यात पाहून टक्केवारी दाखविते. नाडी नसेल तर टक्केवारीही नाही. यंत्राच्या नावातील ‘पल्स’ हा शब्द त्यासाठीच आहे.

यावरून मापनाच्या जागेचे महत्त्व स्पष्ट होते. थंडीने गारठलेल्या किंवा रक्तदाब खालावलेल्या रुग्णाच्या बोटात हलणारा अंश इतका क्षीण होतो की यंत्र चाचपडू लागते. अशा वेळी कानाची पाळी किंवा कपाळ अधिक उपयुक्त ठरते. प्राणवायू घटल्याचे वृत्तही बोटापेक्षा कानाला आधी कळते, कारण तेथे रक्त लवकर पोहोचते. मनगटावरील स्मार्ट घड्याळात प्रकाश आरपार जाऊ शकत नाही. तेथे त्वचेतून परावर्तित होणारा, बहुधा हिरवा प्रकाश वापरून ठोके मोजतात. चालताना मनगट हलते आणि ती हालचालही प्रकाशात स्पंद उमटविते. ज्या दंडावर रक्तदाबाचा पट्टा बांधला आहे, त्याच हाताच्या बोटाला ऑक्सिमीटर लावल्यास पट्टा फुगताच आकडा नाहीसा होतो. नातेवाइकांची धांदल उडते, प्रत्यक्षात झालेले काहीच नसते.

काही चुका मात्र जागा बदलूनही टळत नाहीत. उत्तर भारतात हिवाळ्यात बंद खोलीत कोळशाची अंगीठी पेटवून झोपल्याने मृत्यू झाल्याची वृत्ते दरवर्षी येतात. कोळशाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला चिकटतो आणि दोन रंगांच्या प्रकाशाला तो प्राणवायूसारखाच भासतो. रुग्ण गुदमरत असतो आणि पडद्यावर समाधानकारक आकडा दिसतो.

त्वचेच्या रंगाचा प्रश्न

याहून व्यापक शंका त्वचेच्या वर्णाविषयी आहे. त्वचेतील रंगद्रव्य ठोक्याबरोबर हलत नाही, त्यामुळे गुणोत्तरातून ते आपोआप वगळले जाते, असा यंत्रामागील युक्तिवाद होता. कागदावर तो बिनतोड दिसतो. परंतु सावळ्या किंवा काळ्या त्वचेच्या रुग्णांत यंत्राचा आकडा फसवा ठरू शकतो, हे १९९० मधील एका अमेरिकी अभ्यासातही दिसून आले होते. त्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगन विद्यापीठातील डॉक्टरांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनी मात्र खळबळ उडाली. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ टक्के दाखवीत असताना रक्ताच्या प्रत्यक्ष तपासणीत प्रमाण ८८ टक्क्यांखाली आढळणे, अशी धोकादायक तफावत कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के नोंदींत, तर गौरवर्णीय रुग्णांत ३.६ टक्के नोंदींत सापडली.

याचे मूळ यंत्राच्या तक्त्यात शोधावे लागते. तो तक्ता गणिताने काढलेला नसून माणसांवरून तयार केलेला असतो. निरोगी स्वयंसेवकांना कमी प्राणवायूची हवा देऊन त्यांच्या धमनीतील रक्ताची तपासणी आणि यंत्राचे गुणोत्तर यांची सांगड घालतात. ७० टक्क्यांपेक्षा खाली कोणालाही नेणे धोक्याचे असल्याने त्याखालील आकडे अंदाजानेच वाढविलेले असतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या २०१३ च्या सूचनांनुसार चाचणीत किमान १० व्यक्ती आणि त्यांत किमान दोन गडद वर्णाच्या व्यक्ती अथवा एकूण संख्येच्या १५ टक्के, यांपैकी जे अधिक असेल ते, पुरेसे मानले जात होते. दोन व्यक्तींच्या बोटांवरून जगातील बहुसंख्य माणसांच्या बोटांविषयी निष्कर्ष काढण्यासारखे हे आहे, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. याच प्रशासनाने जानेवारी २०२५ मध्ये नव्या सूचनांचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यात १५० वा अधिक व्यक्तींवर चाचणी आणि त्वचेच्या वर्णाचे पद्धतशीर मूल्यमापन सुचविण्यात आले आहे.

भारतात काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत त्वचेच्या वर्णांचे वैविध्य मोठे आहे आणि घरोघरी असलेल्या यंत्रांचे प्रकारही अगणित आहेत. जुलै २०२१ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने पल्स ऑक्सिमीटरसह पाच वैद्यकीय उपकरणांवरील व्यापारी नफ्यावर ७० टक्क्यांची मर्यादा घातली. त्यामुळे किमतींना आळा बसला. अचूकतेची हमी हा मात्र स्वतंत्र विषय आहे.

घरी यंत्र वापरणाऱ्याने काय करावे? नखावरील रंग आणि मेंदी यांचा अडथळा येऊ शकतो, म्हणून शक्यतो रंग नसलेले बोट निवडावे. हात थंड असल्यास चोळून उबदार करावा आणि यंत्र लावल्यावर काही क्षण हात स्थिर ठेवावा. पडद्यावर नाडीची लाट वा पट्टी दिसत असल्यास ती ठोक्याठोक्याने नियमित उमटते आहे काय, हे प्रथम पाहावे. यंत्राने दाखविलेला नाडीचा वेग मनगटावर बोटे ठेवून मोजलेल्या वेगाशी जुळत नसेल, तर त्या वेळची टक्केवारीही ग्राह्य धरू नये. एका आकड्यापेक्षा त्याच बोटावरील, त्याच यंत्राचे दिवसभरातील चढउतार अधिक सांगून जातात. रुग्णाला धाप लागली असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा तो असंबद्ध बोलत असेल, तर पडद्यावर ९६ दिसत असला तरी डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये.

रुग्णालयात शंका उरली, तर डॉक्टर धमनीतील रक्ताचा नमुना घेऊन त्यातील वायूंचे प्रमाण प्रत्यक्ष तपासतात. हा नमुना बहुधा मनगटातून, अंगठ्याच्या मुळाशी ठोका चाचपून घेतला जातो.